कॅज्युअल्टीत राडा झाला, आता स्टाफला ट्रेनिंग द्यायचंय. कराटेवाले सर बोलवू का?

रात्रपाळी_सिस्टर (घणसोली)

नमस्कार. घणसोली-कोपरखैरणे पट्ट्यातल्या एका ५० खाटांच्या खासगी हॉस्पिटलात मी नर्सिंग इनचार्ज आहे. हॉस्पिटलचं नाव विचारू नका, नोकरी टिकवायची आहे.

तीन आठवड्यांपूर्वी रात्री पाऊण वाजता ६२ वर्षांचे एक काका दम लागून आले. ऑक्सिजन सत्तरच्या आसपास. लगेच आत घेतलं, आरएमओ मॅडमनी (ड्युटीवरच्या डॉक्टर) नळी टाकली, वर आयसीयूत बेड तयार केला. आतल्या कामात चूक झाली असं मला आजही वाटत नाही. घोळ बाहेर चालला होता. मुलगा काउंटरला उभा. काउंटरच्या पोराने विचारलं, डिपॉझिट? तो म्हणाला, एटीएमला जाऊन येतो. गेला, आला, लिमिट संपलेली. परत डिपॉझिट. मग काउंटरचा पोरगा डबा खायला उठला, त्याच्या जागी फार्मसीवाला बसला आणि त्यानेही पहिला प्रश्न तोच विचारला. ५० मिनिटं झाली होती आणि बाप जिवंत आहे की नाही हे त्या मुलाला कोणी सांगितलंच नव्हतं.

त्याचे सहा-सात मित्र बाईकवरून आले, आवाज चढले. मी बाहेर जाऊन काय म्हणाले ते खरं खरं लिहिते: "आवाज खाली करा, हे हॉस्पिटल आहे, मासळी बाजार नाही." त्याची आई मासळी विकते, हे मला नंतर कळलं.

मग वॉर्डबॉयच्या कानाखाली बसली, सलाईनचा स्टँड फार्मसीच्या काचेतून आरपार. आरएमओ मॅडम ड्रेसिंग रूममध्ये पळाल्या. पण त्या खोलीत सामान असतं, रात्री बाहेरून कुलूप लावतो, म्हणून कडी फक्त बाहेरून. २६ वर्षांची मुलगी दाराला पाठ लावून उभी राहिली, मिनिटं मोजली नाहीत कोणी.

हे थांबवलं कोणी? आमच्या मावशींनी. सिक्युरिटीने नाही, मी तर नाहीच. मावशींनी त्या आईचा हात धरला, लिफ्टने वर नेलं, आयसीयूच्या काचेतून नवऱ्याची छाती वरखाली होताना दाखवली. बाई खाली आली आणि पोराला अशी काही झाडली की सगळे गप्प. पोलीस त्यानंतर आले. काका चौथ्या दिवशी घरी गेले. बिल भरताना मुलगा माझ्याकडे बघत नव्हता, मीही त्याच्याकडे.

आता ॲडमिन साहेबांचं म्हणणं: दोन रविवार, तीन-तीन तास, स्टाफला ट्रेनिंग. एक कराटेवाले सर कोटेशन देऊन गेलेत. शिवाय गेटवर दोन बाउन्सर. डॉक्टर आणि नर्सेसनाच बसवायचं, "मावशी-मामांना कशाला" असं. आमच्याकडे ४६ माणसं, त्यातली १४ कंत्राटी. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, शिकवायचं काय आणि कोणाला?

---

जुना_सीएमओ (ठाणे पश्चिम)

सिस्टर, उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय, फक्त ते मावशींच्या नावावर आहे म्हणून साहेबांना दिसत नाही.

मी २२ वर्षं कॅज्युअल्टी केली, त्यातली बरीचशी सरकारी. मार खाल्लाय, एकदा चष्मा फुटलाय. नातेवाईक उपचारांवरून चिडतात त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा "काही सांगत नाहीत" यावरून चिडतात. म्हणून पहिल्या रविवारी एवढंच शिकवा: पेशंट आत गेला की दहा मिनिटांत कोणीतरी बाहेर येऊन दोन वाक्यं बोलायची, आणि मग दर वीस मिनिटांनी. सांगण्यासारखं काही नसेल तरी. "अजून नळीवरच आहेत, प्रेशर धरून आहे, मी परत येते." हे डॉक्टरनेच सांगायला हवं असं नाही. कोण सांगणार याचं नाव मात्र ड्युटी सुरू होताना ठरलेलं हवं, नाहीतर सगळ्यांना वाटतं दुसऱ्याने सांगितलं असेल. आणि पैशांचा विषय काढणारा माणूस आणि तब्येत सांगणारा माणूस एक नको.

मृत्यू सांगायचा तर उभ्याने, कॉरिडॉरमध्ये कधीही नाही. खोलीत बसवा, स्वतः बसा, तुमची खुर्ची दाराजवळ. "गेले" हा शब्द वापरा. "आम्ही वाचवू शकलो नाही" म्हटलं की अर्धे लोक ऐकतात "आम्ही चुकलो". मग गप्प बसा. रडू द्या. बऱ्याच तरुण डॉक्टरांना ही शांतता सोसत नाही, ते लगेच कारणं सांगू लागतात आणि तिथेच ठिणगी पडते. ब्रॉट डेड, म्हणजे आणतानाच गेलेल्या पेशंटच्या केसमध्ये पोस्टमॉर्टेमचं नाव काढलं की हमखास भडका. तिथे "आम्हाला संशय आहे" असा सूर नको. "कारण माहीत नसताना मी दाखला लिहू शकत नाही, पोलिसांना कळवावं लागतं, तुमच्या जागी माझे वडील असते तरी हेच," इतकं सरळ.

कायदाही अर्धा तास सांगा, पण शेवटी. महाराष्ट्रात २०१० पासून वेगळा कायदा आहे: डॉक्टर, नर्स, पॅरामेडिकल स्टाफवर हल्ला किंवा हॉस्पिटलची तोडफोड केली तर तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, शिवाय नुकसानीच्या दुप्पट भरपाई. पोलीस ठाण्यात त्याचं नाव घेऊन सांगावं लागतं, नाहीतर साधी मारामारी म्हणून नोंद होते. आणि तक्रार संस्थेने द्यायची. मार खाल्लेल्या वॉर्डबॉयला एकट्याला ठाण्यात पाठवायचं नाही. कोलकात्याच्या आर. जी. कर हॉस्पिटलात ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीवर बलात्कार करून खून झाला, त्यानंतर १६ ऑगस्ट २०२४ ला केंद्राने पत्र काढलं, हल्ला झाल्यापासून सहा तासांत संस्थाप्रमुखाने एफआयआर करायचा. ते सरकारी संस्थांसाठी होतं, पण तुमच्या साहेबांनी तोच नियम स्वतःला लावून घ्यायला हरकत काय?

तुमच्या वॉर्डबॉयच्या बाबतीत तक्रार झाली का? लिहिलं नाहीत.

---

सेक्टर१७_वाशी

हे सगळं ठीक, पण समोरचा स्टँड उचलून येतोय तेव्हा काय दोन वाक्यं बोलत बसायचं? कराटे शिकवाच. बाउन्सर बघून निम्मे लोक तसेच थंड होतात.

---

वॉर्ड_नं_९_ची_ताई (ठाणे)

स्टँड घेऊन येतोय तेव्हा पळायचं, दादा. तेच शिकवायचं. आणि पळायला दार उघडं हवं. सिस्टर, ट्रेनिंगच्या आधी सुतार बोलवा.

मी मानसोपचार वॉर्डात २७ वर्षं काढली, आता निवृत्त आहे. मनोरुग्णालय म्हटलं की ठाण्यात लोकांना चेष्टा सुचते, पण रागावलेल्या माणसासमोर उभं कसं राहायचं हे आम्हाला शिकावंच लागलं, कारण आमच्याकडे पळायला जागा कमी. नव्या मुलींना मी हे करून दाखवायचे. समोरासमोर उभं राहायचं नाही, जरा तिरकं. दोन हात अंतर. तळवे उघडे, कमरेच्या वर, दिसतील असे. खिशात हात नाही, घडी घालून नाही, कमरेवर तर मुळीच नाही. तो आणि दार यांच्या मध्ये यायचं नाही, त्याला कोंडल्यासारखं वाटता कामा नये, आणि तुमच्यासाठीही दार मोकळं. एकानेच बोलायचं. बाकीचे जवळ, पण गप्प. पाच जण एकदम "अहो ऐका, ऐका" करायला लागले की माणूस बहिरा होतो. त्याचा आवाज चढला की तुमचा उतरला पाहिजे. आणि "शांत व्हा" हा शब्द बंद. त्याने आजवर एकही माणूस शांत झालेला मी पाहिला नाही. त्यापेक्षा "किती वेळ झाला तुम्हाला इथे? पाणी घेता?"

गळ्यातलं आयकार्ड ओढलं की सुटेल अशा दोरीचं घ्या. स्टेथोस्कोप गळ्यात नाही, खिशात. वेणी आत खोचायची, ओढणी पिनेने. एका मुलीची ओढणी धरून पेशंटने तिला पार पलंगापर्यंत ओढत नेलेलं मी पाहिलंय. दोष त्याचा नव्हता, त्याला त्यातलं काही आठवतही नव्हतं.

हे दुसरं. तुम्ही नातेवाइकांचं लिहिलंत, पण पेशंटही हात उगारतात आणि तो राग नसतो, आजार असतो. सर्जरीला दाखल झालेला, रोज घेणारा माणूस, दारू बंद होऊन दुसरा-तिसरा दिवस: थरथर, घाम, भिंतीवर किडे दिसतात, सलाईन उपटतो. स्टाफ म्हणतो "नाटकं करतोय". ती नाटकं नाहीत, जीव जाऊ शकतो. डायबेटिसचा पेशंट अचानक शिव्या द्यायला लागला तर आधी बोटाला सुई, साखर बघा. ऑक्सिजन बघा, डोक्याला मार आहे का बघा. म्हाताऱ्या माणसाची लघवी तुंबली असेल तरी तो रात्री बेडवरून उठून मारायला धावतो. आणि बांधणं हा पहिला उपाय नाही. आमच्या वॉर्डाला २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा लागू, त्यात सरळ लिहिलंय: बांधायचं ते तातडीचा धोका टाळायला दुसरा मार्ग नसेल तेव्हाच, शिक्षा म्हणून नाही, आणि माणसं कमी आहेत म्हणून तर नाहीच. जनरल हॉस्पिटलात मी हात पट्टीने इतके करकचून बांधलेले पाहिलेत की बोटं निळी पडली होती.

मावशींना वर्गात पहिल्या रांगेत बसवा. शक्य असेल तर शिकवायलाच उभ्या करा.

---

तीनचाकी (कोपरखैरणे)

मी स्टाफवाला नाही, रिक्षा चालवतो. मागच्या वर्षी आईला घेऊन एका हॉस्पिटलात अकरा तास बाहेर बसलो होतो. "बाहेर थांबा" हे मला सात जणांनी सांगितलं, कशासाठी ते एकानेही नाही. बसायला खुर्ची नव्हती, मोबाईल चार्ज करायला पिन नव्हती. घरचे फोन करून विचारतायत, मी काय सांगू? पहाटे एका डॉक्टरच्या अंगावर मी धावून गेलो. मित्रांनी धरलं म्हणून, नाहीतर आज मीही तुमच्या त्या २०१० च्या कायद्यात असतो.

चूक माझी होती, मान्य. मारणाऱ्याची बाजू घेत नाही. पण गेटवर बाउन्सर दिसला असता तर मी आणखी चार जणांना फोन केला असता. आमच्याकडे तसंच असतं. तो तयारीत आहे म्हटल्यावर आपणही तयारीत.

आणि सिस्टर, मासळी बाजाराचं बोललात ते लागलं. माझी मावशी बसते बाजारात. तिथे एवढा आवाज असूनही कोणी कोणाच्या काचा फोडत नाही.

---

गेटवरचा_माणूस

सुपरवायझर आहे, एजन्सीचं नाव नको. गार्डबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

आमचा पोरगा बारा तास उभा असतो. त्याला सांगितलेलं असतं एकच, "आत सोडू नको". का सोडायचं नाही, कोणाला सोडायचं, आयसीयूत कोण दाखल आहे, काही माहीत नसतं. नातेवाईक त्याला विचारतात, तो म्हणतो "मला माहीत नाही, आत विचारा" आणि आत जाऊ देत नाही! तुम्हीच सांगा, कोण नाही चिडणार?

२०१७ मध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरला मारहाण झाली, मार्डचे (निवासी डॉक्टरांची संघटना) डॉक्टर रजेवर गेले, मग सरकारी रुग्णालयांत सुरक्षा महामंडळाचे जवान आले, पेशंटमागे दोन पास झाले. पास चांगली गोष्ट आहे, पण पास देणारा माणूस बोलायला चांगला हवा.

तुमच्याकडे अनाउन्समेंटचा कोड आहे का? कोड ब्ल्यू, म्हणजे पेशंटचं हृदय बंद पडल्याची हाक, सगळ्यांना माहीत असतो. भांडणाचा कुठे व्हायलेट, कुठे पर्पल, कुठे ग्रे, हॉस्पिटलगणिक वेगळा. रंग कोणताही घ्या, पण तो वाजल्यावर कोण येणार ते ठरवा. मी पाहिलंय, कोड वाजला आणि ३० जण बघायला आले, त्यातले निम्मे मोबाईल काढून. चार पुरेत: गार्ड, एक सिनियर, एक जण ११२ लावायला, एक जण बाकीच्या पेशंटचे पडदे ओढून त्यांच्याजवळ थांबायला. आणि जे सहज उचलता येतं ते काउंटरपासून लांब. सलाईनचे स्टँड, आग विझवायचं सिलिंडर सोडून सगळं. सिलिंडर जागेवरच राहू दे, ते हलवलं तर दुसरीच भानगड.

---

रात्रपाळी_सिस्टर (घणसोली)

सगळ्यांचे आभार. परवा पहिला रविवार झाला, सांगते.

सीएमओ सर, तक्रार झाली नव्हती. वॉर्डबॉयच नको म्हणाला, "गावातलीच पोरं आहेत, रोज त्याच रस्त्याने जातो." आता ॲडमिन साहेबांनी लिहून दिलंय की पुढच्या वेळी सही त्यांची.

कराटेवाल्या सरांना अर्धा तास दिला. माणूस समजूतदार निघाला. मनगट आणि केस धरले तर सोडवायचे कसे एवढंच दाखवलं आणि स्वतःच म्हणाले, यापुढे माझं काम नाही. बाउन्सरचा विषय साहेबांनी अजून सोडलेला नाही.

मग आम्ही तीच रात्र पुन्हा केली. फार्मसीवाल्याला मुलगा केला, मला काउंटरला बसवलं. खोटं खोटं असूनही तिसऱ्यांदा "डिपॉझिट" म्हणताना माझीच जीभ अडखळली. मावशींना विचारलं, तुम्हाला त्या बाईला वर न्यायचं कसं सुचलं? त्या म्हणाल्या, "ती एकटीच भिंतीला टेकून होती. पोरं ओरडत होती, पण नवरा तर तिचा होता." वहीत लिहून घेतलं सगळ्यांनी. साहेब मागे उभे होते.

तीनचाकी दादा, ते वाक्य मी वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं, माझ्या नावासकट. बाहेर सहा खुर्च्या आणि एक चार्जिंगचा बोर्ड मागितलाय. बोर्ड मंजूर, खुर्च्या "बघू".

कडी आतून बसली. सुताराने साडेतीनशे घेतले. आरएमओ मॅडमनी तीनदा लावून, उघडून पाहिली.

एक अडचण मात्र तशीच. ज्या रात्रीच्या गार्डला वर्गात बसवलं, त्याला एजन्सीने काल तुर्भ्याला हलवलं. नवा आलाय, जळगावकडचा आहे, वीस वर्षांचाही नसेल. आज रात्री आठच्या हँडओव्हरला त्यालाही उभं करतेय, मावशींच्या शेजारी.