मदत हवी आहे: आईच्या ओव्या घरी रेकॉर्ड करतेय, माइकची लेव्हल आणि सिंथचा आवाज जमत नाहीये (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

जरा सविस्तर लिहितेय, कारण चूक नेमकी कुठे होतेय तेच मला कळत नाहीये.

आई ७४ वर्षांची आहे. माहेर मंगळवेढ्याकडचं. जात्यावरच्या ओव्या तिला तिच्या आजीकडून आल्या, कागदावर एकही नाही. हल्ली तिला लवकर धाप लागते, म्हणून आता टाळायचं नाही असं ठरवून मी सामान जमवलं: दोन चॅनलचा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा डबा), एक कंडेन्सर माइक, पंचवीस पट्ट्यांचा छोटा मिडी कीबोर्ड आणि ८ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर. ओव्यांच्या मागे हलका सूर धरायला सर्ज एक्सटी आणि व्हायटल हे दोन सॉफ्टवेअर सिंथ (लॅपटॉपमध्येच वाद्याचा आवाज तयार करणारे प्रोग्राम) घेतलेत.

आम्ही पूर्व भागात राहतो. भिंतीपलीकडे यंत्रमागाचा कारखाना आहे. खटखट आम्हाला एरवी ऐकूसुद्धा येत नाही इतकी अंगवळणी पडली आहे, पण माइकला ती सगळी ऐकू येते.

पहिल्या दिवशी गेन (इंटरफेस माइकचा आवाज किती वाढवून घेतो ते) बराच वर ठेवला होता. आई नुसतं बोलत होती तोवर ठीक होतं. मग मामाच्या आठवणीने तिला एक ओवी सुचली. ती शेवटच्या ओळीला आवाज एकदम वर नेते, आणि तिथेच इंटरफेसचा लाल दिवा लागला. ऐकून पाहिलं तर तो शब्द पार फाटलेला. ती ओवी ती पुन्हा तशी म्हणत नाही. ‘आली तेव्हा आली’ म्हणते. याचं मला फार वाईट वाटतंय.

दुसऱ्या दिवशी भीतीने गेन खाली ओढला. पीक (आवाजाचं सगळ्यात उंच टोक) उणे ३४ डीबी, म्हणजे डेसिबलच्या आसपास; शून्याला आवाज फाटतो. नंतर रीपरमध्ये २० डीबी वाढवलं, तर आईबरोबर पंखा, माग आणि सूं असा आवाज, सगळंच वर आलं. तिसऱ्या दिवशी मी रीपरचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली घेऊन रेकॉर्ड केलं, तरी लाल दिवा लागलाच!

सिंथचं दुखणं वेगळंच. व्हायटलमध्ये तीन पट्ट्या धरल्या की मीटर वर जाऊन टेकतो आणि आईचा आवाज त्याखाली गाडला जातो. हेडफोन लावून दिले तर आई म्हणाली, ‘हा तर जुन्या गिरणीचा भोंगा वाजवलास.’ शिवाय तिला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज जरा उशिरा, मागून येतो. बफर (लॅपटॉप एका वेळी आवाजाचा किती तुकडा साठवून पुढे पाठवतो ते) १०२४ वर आहे, कमी केला की चरचर होते. आणि तिचा सूर काळी चार आणि पांढरी सहा यांच्या मधे कुठेतरी आहे, कीबोर्डच्या कुठल्याच पट्टीवर बसत नाही.

माझे प्रश्न: माइकची लेव्हल किती ठेवायची? सिंथची किती? आणि ती फाटलेली ओवी वाचेल का?

प्रतिसाद १

ताई, मी पंढरपुरात भजनी मंडळांचं रेकॉर्डिंग करतो, त्या अनुभवावरून सांगतो.

आधी फेडरचं. रीपरमधला फेडर फक्त तुम्हाला ऐकू येणारा आवाज बदलतो. फाइलमध्ये काय जाणार ते इंटरफेसवरच्या गेनच्या बटणावर ठरतं. तिथे लाल लागला की लाटेचा माथा कापला गेला, पुढे फेडर कितीही खाली घ्या, कापलेलं परत येत नाही.

लेव्हल लावताना आईंना बोलायला लावू नका, सगळ्यात जोरात म्हणतात ती ओवी म्हणायला लावा. तिचं पीक उणे १२ च्या आसपास येईल असा गेन ठेवा. सरासरी उणे १८ ते २० च्या घरात राहील, आणि ते कमी नाही. रेकॉर्डिंग २४ बिटवर ठेवा. १६ बिटला साधारण ९६ डीबीचा आवाका मिळतो, २४ ला कागदावर १४४. त्यामुळे वर भरपूर मोकळी जागा सोडणं परवडतं.

आता मुख्य मुद्दा. गेन वर घ्या की खाली, आईंचा आवाज आणि माग दोन्ही एकाच मापाने हलतात. त्यांच्यातलं अंतर गेनने वाढत नाही, माइकच्या जागेने वाढतं. माइक दोन फुटांवर असेल तर एका फुटावर आणा, आवाज साधारण ६ डीबी वाढतो आणि माग आहे तिथेच राहतो. मग तेवढा गेन खाली घ्या. बहुतेक कंडेन्सर माइक समोरून जास्त आणि मागून कमी ऐकतात, म्हणून माइकची पाठ कारखान्याच्या भिंतीकडे करा. मात्र थेट तोंडासमोर धरू नका, थोडा बाजूला तिरपा ठेवा, नाहीतर प, फ, भ वर धप्प होईल.

चादरी टांगायच्या असतील तर जरूर टांगा, सोलापुरात त्यांना काय तोटा! खोलीतला घुमारा त्यांनी कमी होईल. भिंतीतून येणारी मागाची धडधड मात्र चादर थोपवत नाही, त्यासाठी वेळच गाठावी लागते.

फाटलेल्या ओवीची मूळ फाइल जपून ठेवा. प्रत काढून तिच्यावर डीक्लिपर चालवा. आजूबाजूची लाट बघून तो कापलेला माथा अंदाजाने भरतो. एखाददुसरा शब्द असेल तर बराच सुधारतो.

प्रतिसाद २

सिंथबद्दल. मिडीला रेकॉर्डिंग लेव्हल नसतेच. तिथे पट्टी कुठली, कधी दाबली, किती जोरात (१ ते १२७) एवढंच लिहिलं जातं. आवाज सिंथ नंतर तयार करतो, म्हणून तो केव्हाही कमी करता येतो. सिंथचाच आउटपुट खाली घ्या, ट्रॅकचं पीक उणे १८-२० वर आणा. रीपरच्या आत ट्रॅकवर लाल दिसलं तरी सहसा नुकसान होत नाही. मास्टर (सगळे ट्रॅक एकत्र होतात तो) मात्र लाल होता कामा नये, बाहेर काढलेल्या फाइलमध्ये ते फाटलेलंच येईल.

मी तर तीन पट्ट्या धरूच देणार नाही. ओवीला कॉर्ड कशाला? सा आणि पंचम पुरे. फिल्टरचा कटऑफ खाली आणून, म्हणजे आवाजातला वरचा तीक्ष्ण भाग कापून, सूर थोडा अंधारा करा, म्हणजे शब्द ज्या भागात कळतात तो भाग आईंसाठी मोकळा राहतो.

हेडफोन काढून टाका. आईंना आधी एकटीला गाऊ द्या, सिंथ नंतर बसवा. मग मागून येणाऱ्या आवाजाचा प्रश्नच राहत नाही. ४८ किलोहर्ट्झला १०२४ चा बफर म्हणजे एका बाजूनेच २१ मिलिसेकंद, पण गाताना सॉफ्टवेअरमधून ऐकायचंच नसेल तर तो राहू दे. स्वतः ऐकायचं असेल तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर वापरा (लॅपटॉपमधून न जाता आवाज थेट हेडफोनला येतो). सुरासाठी रीपरमधलं रीट्यून (सूर मोजणारं साधन) लावून आईंचा सा जवळच्या पट्टीपेक्षा किती सेंट वर आहे ते बघा आणि सिंथ तेवढा चढवा. काळ्या-पांढऱ्या मिळून लगतच्या दोन पट्ट्यांमध्ये १०० सेंट असतात. कीबोर्डने आईंकडे जायचं, आईंनी कीबोर्डकडे नाही.

प्रतिसाद ३

चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून पाहा. तो सूं आवाज बऱ्याचदा चार्जरमधून किंवा खराब अर्थिंगमधून येतो.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. आज जमलं!

कारखाना पहाटे काही वेळ बंद असतो, तो मुहूर्त धरला. काल पाणी सोडलं होतं, गल्लीभर मोटारी घूं घूं करत होत्या, म्हणून एक दिवस थांबले. पंखा बंद, चार्जर काढलेला (सूं गेला!), माइक आईच्या तोंडापासून दीड वीत, पाठ भिंतीकडे. गेनचं बटण घड्याळाच्या हिशोबाने आधी दोनच्या काट्यावर असायचं, आता खाली अकराच्या. पीक उणे ११. आई खाली बसून गुडघ्यावर हात फिरवत गात होती, तर ती खसखस सुद्धा आली आहे. ती मी काढणार नाही, जात्याच्या फेऱ्यासारखी वाटते.

तिचा सा काळी चारच्या ४० सेंट वर निघाला. सर्ज तेवढा चढवला आणि सूर पहिल्यांदा तिच्याखाली गुपचूप बसला. पण सलग सात ओव्या झाल्या की तिचा सूर आणखी २०-२५ सेंट चढतो, तेव्हा सिंथ खुपायला लागतो. मी प्रत्येक ओवीचा तुकडा वेगळा करून त्याखाली सिंथ वेगळा लावते आहे. याहून बरी पद्धत असेल तर सांगा.

मामाच्या ओवीवर डीक्लिपर चालवला. शब्द कळतो, शेवटी जरा खरखर राहिली आहे. आईला ऐकवली, तर म्हणाली, ‘तेव्हा घसाच बसला होता माझा.’