पिकअपचं बॉनेट माझ्या खांद्याला लागतं. एवढा मोठा ट्रक नक्की कुणाला हवा होता?

ओसरी (धागाकर्ती)

मागच्या रविवारची गोष्ट. डॅलसच्या उत्तरेला आमची मराठी शाळा भरते. शाळा सुटली, पार्किंगमध्ये नेहमीची झुंबड. पहिलीतला एक मुलगा सुटलेली नाडी बांधायला उभ्या पिकअपच्या पुढ्यात खाली बसला आणि तेवढ्यात ट्रक सुरू झाला. चालवणारे गृहस्थ आमच्या ओळखीचे, स्वभावाने अतिशय सावध. त्यांनी समोर बघितलं होतं, दोन्ही आरसे बघितले होते. मी जिवाच्या आकांताने ओरडले म्हणून त्यांनी ब्रेक दाबला. ट्रक आणि पोर यांच्यात हातभर अंतर उरलं होतं. खाली उतरल्यावर त्या गृहस्थांना उभं राहवेना, ते तिथेच फूटपाथवर बसले.

संध्याकाळी मी शिवणकामाची टेप घेऊन त्यांच्या घरी गेले. आम्ही दोघांनी मिळून मोजलं. बॉनेटची पुढची कड जमिनीपासून ४ फूट ३ इंच. माझी उंची ५ फूट १ इंच, म्हणजे ती कड माझ्या खांद्याला लागते. तो मुलगा ३ फूट ९ इंच. खाली बसला म्हणून दिसला नाही अशी मी मनाची समजूत घालत होते, पण नाकाजवळ सरळ उभा असता तरी दिसला नसता.

पिकअप अमेरिकेत पहिल्यापासून आहेत. फोर्डची एफ-सिरीज १९७७ पासून इथला सर्वांत जास्त खपणारा ट्रक आहे. पण तेव्हाचा ट्रक आणि आजचा ट्रक यांत नावापलीकडे फारसं काही सारखं उरलेलं नाही. साठ-सत्तरच्या दशकात त्या ट्रकचा ६४ टक्के भाग हौद्याचा होता, ३६ टक्के केबिनचा. आता ६३ टक्के केबिन आणि ३७ टक्के हौदा. २००० ते २०१८ या काळात नवे पिकअप सरासरी २४ टक्क्यांनी जड झाले. याच एफ-सिरीजमधला चार दारांचा एफ-१५० आज १९ फुटांहून लांब आहे आणि दुकानापुढची पार्किंगची जागा साधारण १८ फुटांची.

याची किंमत रस्त्यावर पायी चालणारा मोजतो. २००९ मध्ये अमेरिकेत सुमारे ४,१०० पादचारी गाड्यांच्या धडकेत मेले, २०२२ मध्ये साडेसात हजारांवर. विमा कंपन्यांच्या पैशांवर चालणाऱ्या आयआयएचएस या सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ४० इंचांहून उंच बॉनेटची गाडी धडकली तर, ३० इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या उतरत्या बॉनेटपेक्षा पादचारी दगावण्याची शक्यता सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त. आम्ही मोजलेलं बॉनेट ५१ इंचांचं होतं.

काम करणाऱ्या माणसाला हौदा लागतो. नाक कशाला लागतं? माझ्या मते बॉनेटच्या उंचीला कायद्याने मर्यादा हवी, समोरचा कॅमेरा सक्तीचा हवा (मागचा २०१८ पासून सक्तीचा आहेच), आणि वजनाप्रमाणे नोंदणी शुल्क हवं. वॉशिंग्टन डीसीत ६,००० पौंडांवरच्या गाडीला वर्षाला ५०० डॉलर पडतात. तसं सगळीकडे व्हावं.

पाचवा गिअर

ओसरीताई, पोर वाचलं हे ऐकून जीव भांड्यात पडला. पण तुमच्या निष्कर्षांशी असहमत.

मी ह्यूस्टनला राहतो, फरशा बसवायचा धंदा आहे. माझ्याकडे एफ-१५० हायब्रिड आहे. सकाळी चार माणसं आणि त्यांची हत्यारं घेऊन निघतो, मागे ट्रेलरवर टाइल कटर आणि सिमेंटच्या गोण्या. संध्याकाळी त्याच गाडीत मुलांना पोहायला नेतो. केबिन मोठी झाली ती माझ्यासारख्यांसाठी. पूर्वी ट्रक वेगळा आणि घरची गाडी वेगळी लागायची. आता एकात भागतं. दोन गाड्यांपेक्षा एक मोठी गाडी बरी, असा हिशोब का करू नये?

मोठे ट्रक म्हणजे पेट्रोल पिणारे, 'अकार्यक्षम', असं बरेच जण म्हणतात, तेही पटत नाही. माझ्या पहिल्या मालकाचा नव्वदच्या दशकातला ट्रक गॅलनला जेमतेम १४ मैल द्यायचा. माझा रिकामा असताना २३ देतो, म्हणजे लिटरला जवळपास दहा किलोमीटर, आणि ओढतो कितीतरी जास्त. २०१५ पासून एफ-१५० ची बॉडी ॲल्युमिनियमची आहे, त्यात सातशे पौंड कमी झाले.

आणि २०२१ चा फेब्रुवारी आठवा. टेक्सासची वीज गेली, घरात पाणी गोठलं. माझ्या ट्रकच्या हौद्यात ७.२ किलोवॉटचं आउटलेट आहे. दोन रात्री त्यावर आमचा हीटर, फ्रीज आणि शेजारच्या आजींचं ऑक्सिजनचं मशीन चाललं. त्या आजींना जाऊन सांगा की हा ट्रक गरजेपेक्षा मोठा आहे.

आडवाट

पाचवा गिअर यांना +१. पादचाऱ्यांच्या मृत्यूंचं खापर बॉनेटवर फोडणं सोपं आहे. पण चारातले तीन मृत्यू अंधारात होतात. सहा पदरी रस्ता, अर्धा अर्धा मैल क्रॉसिंग नाही, दिवे नाहीत, ४५ मैलांची मर्यादा आणि हातात फोन. असा रस्ता असेल तर छोटी गाडीही जीव घेते. आधी रस्ते दुरुस्त करा. लोकांनी कष्टाच्या पैशांनी कुठली गाडी घ्यावी हे सरकारने ठरवू नये.

डेट्रॉईटकर

अठरा वर्षं याच उद्योगात आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. लोकांना हवं तेच कंपन्या देतात, हे अर्धंच खरं आहे. लोकांना काय हवं होतं ते कळायला बाजारात पर्याय तर हवेत. ते पर्याय नियमांनी एकेक करून संपवले.

पहिला नियम १९६४ चा. युरोपने अमेरिकन कोंबडीवर जकात वाढवली, उत्तरादाखल राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या सरकारने बटाट्याचा स्टार्च, ब्रँडी आणि हलके ट्रक यांवर २५ टक्के जकात लावली. बाकीची पुढे रद्द झाली, ट्रकवरची राहिली. आजही तिला 'चिकन टॅक्स' म्हणतात. तिच्यामुळे बाहेरचा छोटा, स्वस्त ट्रक इथे परवडेनासा झाला. टोयोटाचा हायलक्स अर्ध्या जगात धावतो, अमेरिकेत १९९५ नंतर मिळत नाही.

दुसरा नियम मायलेजचा. १९७३ च्या तेलटंचाईनंतर १९७५ मध्ये कंपन्यांना सरासरी मायलेजचं उद्दिष्ट घालून देणारा कायदा आला. त्यात कारला कडक आणि ट्रकला सैल अशी दोन मापं होती, कारण ट्रक म्हणजे शेतकऱ्याचं आणि कारागिराचं वाहन असं तेव्हा धरलेलं. मग उद्दिष्ट गाडीच्या 'पावलाशी' बांधलं गेलं. चार चाकं जिथे टेकतात त्या चौकोनाचं क्षेत्रफळ जितकं मोठं, तितकं मायलेजचं उद्दिष्ट खाली. ट्रकसाठी हे २०११ पासून पूर्ण लागू झालं. हेतू असा होता की कंपन्यांनी फक्त लहान गाड्या विकून आकडा गाठू नये. प्रत्यक्षात काय झालं, तर छोट्या ट्रकला जे उद्दिष्ट आलं ते गाठणं महाग, आणि चाकं लांब-रुंद केली की उद्दिष्टच सैल. फोर्डचा जुना छोटा ट्रक रेंजर त्याच २०११ मध्ये इथे बंद झाला. २०१९ मध्ये त्याच नावाने परत आला तो चांगलाच मोठा होऊन. आणि २०२५ मध्ये तर हे उद्दिष्ट चुकवल्याचा दंडच शून्यावर आणला.

तिसरा नियम कराचा. भारासह एकूण वजनाची क्षमता ६,००० पौंडांवर असलेली गाडी धंद्यासाठी घेतली की त्याच वर्षी मोठी रक्कम करातून वजा करता येते. मोठ्या एसयूव्हींना त्यात मर्यादा आहे, पण हौदा सहा फूट किंवा जास्त असेल तर तीही नाही. इस्टेट एजंट आणि दातांचे डॉक्टर अवजड ट्रक का घेतात, त्याचं एक कारण यात आहे.

आता नाकाबद्दल. ते सगळं दिखाऊ नसतं. ट्रक किती ओढू शकतो हा आकडा ठरवायला एक प्रमाणित चाचणी आहे, आणि तिचा आधार ॲरिझोनातला डेव्हिस डॅमचा चढ. साधारण १२ मैल, भर उन्हाळ्यात, पूर्ण वजनाचा ट्रेलर मागे, एसी पूर्ण थंडावर, आणि वेग ४० मैलांखाली येता कामा नये. तिथे इंजिन तापू नये म्हणून मोठा रेडिएटर, मोठा इंटरकूलर, मोठी जाळी. जाहिरातीत १३,००० पौंडांचा आकडा छापायचा म्हणून प्रत्येक ट्रकला त्या चढाचं नाक मिळतं, मग तो आयुष्यभर फक्त किराणा आणो. पण खरं सांगतो, वरचे काही इंच निव्वळ रुबाबासाठी असतात. रेडिएटर तसाच ठेवूनही बॉनेटची कड उतरती करता येते.

येवलेकर

मी नाशिक जिल्ह्यात कांदा पिकवतो, अमेरिका बघितलेली नाही. तरी विषय ट्रकचा आहे म्हणून लिहितो.

आमच्याकडे बोलेरो पिकअप आहे. नऊ फुटी हौदा, कागदावर १७ क्विंटलची गाडी. इंजिन ७५ हॉर्सपॉवरचं. लासलगावला भरून नेताना लिटरला बारा-तेरा पडतं. फाळका पाडला की बाजार समितीत दहा मिनिटांत माल खाली. भाऊ पुण्यात छोट्या हत्तीवर भाडं मारतो. टाटांनी २००५ मध्ये आणलेली ती गाडी ७०० सीसीची होती आणि पाऊण टन नेत होती, ज्या गल्लीत रिक्षा वळते त्या गल्लीत ती वळते.

तुमच्या एफ-१५० च्या हौद्यात किती माल बसतो ते इथेच कुणीतरी सांगा. मला तो फोटोत साडेपाच फुटांचा दिसतो. एवढ्यात माझ्या दोन ओळी कांदाही मावायचा नाही.

डेट्रॉईटकर

येवलेकर दादा, हौद्यात साधारण ७०० ते ९०० किलो, म्हणजे तुमच्या गाडीच्या निम्माच. पण ट्रेलर लावून तो पाच-सहा टन ओढतो, आणि हे सगळं ताशी ११०-१२० किलोमीटरने, एअरबॅगसकट. तुमची गाडी त्या वेगाला आणि इथल्या धडकेच्या चाचण्यांना बनवलेली नाही. तेवढा फरक धरावा लागेल.

पाचवा गिअर

तेच म्हणतोय मी. दादा, तुमचा माल मोलाचाच आहे, पण इथे मी हमरस्त्यावर ७५ मैलांनी जातो, बाजूने अठरा चाकी ट्रक जातो. पत्र्याच्या डब्यात माझ्या चार माणसांना बसवणार नाही.

ओसरी

गिअरदादा, शेजारच्या आजींचं वाचून मी बराच वेळ थांबले. तुमच्याकडे असा ट्रक असू नये असं मी म्हणतच नाही. ट्रेलर ओढणारा माणूस तुम्ही आहात. पण ट्रकमालकांच्या पाहण्यांमध्ये चारातले तीन जण सांगतात की वर्षातून एकदा किंवा तेही नाही एवढंच ओढतात. त्यांनी डेव्हिस डॅमचं नाक शाळेच्या पार्किंगमध्ये का आणावं?

पर्याय दिला की लोक घेतातही. २०२१ मध्ये फोर्डनेच छोटा मॅव्हरिक आणला. हायब्रिड, शहरात गॅलनला ४२ मैल, सुरुवातीची किंमत २० हजार डॉलरच्या आत. काही महिन्यांतच कंपनीला त्याच्या पहिल्या वर्षीच्या मॉडेलच्या ऑर्डरी घेणं थांबवावं लागलं. लोकांना फक्त मोठंच हवं असतं तर हे झालं नसतं.

आडवाट, रस्त्यांबद्दल तुमचं म्हणणं मान्य. शंभर टक्के मान्य. पण आमच्याकडचा प्रकार भर दुपारी बारा वाजता झाला, ताशी तीन मैल वेगाने. तिथे दिवा लावून काय होणार होतं? 'कष्टाच्या पैशांनी काय घ्यावं' हा प्रश्न घेणाऱ्यापुरता असता तर मी बोललेच नसते. त्या गाडीपुढे दुसऱ्याचं मूल उभं असतं.

आडवाट

ताई, त्या एका प्रसंगावर देशभरचा कायदा करायचा का? सप्टेंबर २०२४ मध्ये इथल्या वाहतूक सुरक्षा खात्याने पादचाऱ्याच्या डोक्याला मार कमी बसावा म्हणून बॉनेटच्या रचनेचा नियम सुचवलाच आहे. तज्ज्ञांना ठरवू द्या.

डेट्रॉईटकर

त्या प्रस्तावाबद्दल एवढंच, की त्यात बॉनेटवर आपटलेल्या डोक्याचा विचार आहे. चालकाला समोरचं दिसतं का, हा प्रश्न त्यात नाही. युरोपात पादचाऱ्यांसाठीच्या चाचण्या १९९७ पासून होतायत, आपण आत्ता कुठे पहिल्या पायरीवर आहोत.

ओसरीताई सोडून इथे कुणी मोजलंय का? सोपं आहे. ट्रकपुढे क्रिकेटचा स्टंप उभा करा, तो २८ इंचांचा असतो. चालकाच्या जागी बसा आणि तो दिसेपर्यंत कुणाला तरी मागे मागे न्यायला सांगा.

पाचवा गिअर

आज मोजलं. मुलाचे प्लास्टिकचे स्टंप होते, स्प्रिंगच्या बुडाचे. मुलगा धरून उभा राहिला, मी आत. बंपरला टेकवला तेव्हा दिसला नाही, तीन फुटांवर नाही, सहा फुटांवर नाही. साडेसात फुटांवर वरच्या बेल्स दिसल्या. मी दोनदा सीट वर करून पाहिली, फरक पडला तो एका वितीचा.

मग सहा वर्षांच्या मुलीला म्हटलं, तू बस तिथे. ती बसली, हात हलवला म्हणाली. मला हात दिसला नाही. "बाबा, मी हलवतेय" एवढं ऐकू येत होतं.

वजनावरच्या शुल्काला माझा विरोध कायम आहे, ते माझ्यासारख्या धंदेवाल्याच्या मुळावर येईल. ट्रकही विकणार नाही. समोरच्या कॅमेऱ्याच्या सक्तीला आणि उतरत्या बॉनेटला मात्र माझं नाव घाला. माझ्या मॉडेलला समोरचा कॅमेरा नव्हता, बुधवारी बसवून घेतोय. तोवर शाळेतून निघताना बायको खाली उतरते, ट्रकपुढे उभी राहते आणि मी हॉर्न दिल्यावरच बाजूला होते.

डेट्रॉईटकर, बाहेरून घेतलेला कॅमेरा मूळ स्क्रीनला जोडता येतो का, की वेगळी स्क्रीन लागते?

डेट्रॉईटकर

बहुतेक वेळा मध्ये एक जोडणीचा मॉड्यूल लागतो. तुमचं मॉडेल आणि वर्ष व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, बघून सांगतो. कॅमेरा जाळीच्या वरच्या कडेला नको, खाली बंपरपाशी बसवा.