विषय: हॉलचा ठराव – ईमेलवरची मतं धरायची का?

प्रेषक: सचिव
मंडळी, इतिवृत्त लिहायला बसले आणि अडले. हॉल भाड्याने घ्यायचा का, यावर मागच्या आठवड्यात ईमेलने बोर्डाची मतं मागवली होती. नऊपैकी सात 'हो', एक 'नाही', एकाचं उत्तरच नाही. सातांतल्या एकाने नुसता अंगठा पाठवलाय आणि एकाने 'होऊन जाऊ दे' लिहिलंय. 'ठराव मंजूर' लिहू ना? आज रात्री पाठवायचंय.

प्रेषक: खजिनदार
मंजूरच आहे. मी करारावर सही करून अनामतसुद्धा भरली. अंगठेवाल्यांनी मला फोनवर 'हो' सांगितलंय.

प्रेषक: बायलॉज समिती
'नाही' लिहिणारी मीच. हॉलला माझा विरोध आहे, ते वेगळं. पण मी 'हो' म्हटलं असतं तरी हा ठराव झाला नसता. आपल्या बायलॉजमध्ये ईमेल-मतदानाची तरतूद नाही. जिथे बायलॉज गप्प, तिथे आपण रॉबर्ट्स रूल्स, म्हणजे रॉबर्ट यांचं सभा चालवण्याच्या नियमांचं पुस्तक मानतो, आणि त्यात ठराव होतो तो कोरम, म्हणजे किमान हजेरी, असलेल्या सभेतच. राज्याचा नॉनप्रॉफिट कायदा या दोन्हींच्या वर. इथे अमेरिकेत बहुतेक राज्यांत सभेविना निर्णय घेता येतो, पण त्याला सगळ्या संचालकांची लेखी संमती लागते. सगळ्यांची, सातांची नव्हे.
याला कारण आहे. सभेत एक जण शंका काढतो, ती ऐकून दुसरा मत बदलतो. इथे माझी पार्किंगची शंका यायच्या आधीच पाच 'हो' येऊन पडले होते. नंतर तरी कोणी वाचली का ती?

प्रेषक: माजी अध्यक्ष
पार्किंगचं रडगाणं आमच्या वेळीही होतं. बाकी हे रॉबर्ट मूळचे सैन्यातले इंजिनिअर. 1863 मध्ये चर्चच्या एका सभेचं अध्यक्षपद गळ्यात पडलं, सभा हाताबाहेर गेली. त्या धसक्याने अभ्यासाला लागले आणि 1876 मध्ये पुस्तक काढलं. 2020 मध्ये बारावी आवृत्ती आली. मी अध्यक्ष असताना ते कधी उघडलं नाही. अडलं की निर्णायक मत द्यायचं आणि मोकळं व्हायचं.

प्रेषक: उपाध्यक्ष
काका, निर्णायक मत तिकडे भारतात, सोसायटीच्या सभेत. रॉबर्टकडे अध्यक्षांना जादा मत नाही, समसमान झालं की ठराव पडला. साधारण डझनभर माणसांच्या बोर्डात अध्यक्ष चर्चेत भाग घेतात, सगळ्यांबरोबर आपलं एक मत देतात, ठरावाला अनुमोदकही लागत नाही. आपण मात्र दर वेळी अनुमोदक शोधत पाच मिनिटं घालवतो.

प्रेषक: माजी अध्यक्ष
एकदाच दिलं होतं. तेव्हा टाळ्या तुम्हीच वाजवल्या होत्या.

प्रेषक: संचालक
उत्तर न देणारा मी. ईमेल स्पॅममध्ये सापडला, आत्ता. कुठला हॉल?

प्रेषक: खजिनदार
टाळ्या राहू द्या. करारावर सही माझी आहे. उद्या बोर्ड फिरलं तर अनामत माझ्या खिशातून का?

प्रेषक: बायलॉज समिती
तोवर जोखीम तुमची आहे खरी. पण वाट आहे: कार्योत्तर मंजुरी, म्हणजे आधी करून टाकलेल्याला नंतर मान्यता. रीतसर सभा, कोरम, साधं बहुमत, झालं. हॉल मला अजूनही पटलेला नाही, पण मंजुरीला मी 'हो'च म्हणेन. चूक नऊ जणांची आणि भुर्दंड एकट्या खजिनदारांना, हे काही बरोबर नाही. पार्किंगवर मात्र बोलणार.
सचिव ताई, इतिवृत्तात 'ईमेलने मंजूर' लिहू नका. पुढच्या सभेत मंजुरी झाली की ती त्या सभेच्या इतिवृत्तात येईल. आणि कोण काय म्हणालं ते गाळा हो. काय ठरलं एवढंच नोंदवायचं असतं. मागच्या वेळी माझं चिडणंसुद्धा लिहिलंत.

प्रेषक: उपाध्यक्ष
मग बायलॉजच बदलून ईमेल-मतदान आणू या की. दोन तृतीयांश मतं मिळतील.

प्रेषक: बायलॉज समिती
आधी कायदा पाहा. सर्वांची संमती हवी असं कायदाच म्हणत असेल, तर बायलॉजमध्ये 'बहुमत पुरे' लिहून उपयोग शून्य. शिवाय दुरुस्तीची पूर्वसूचना सर्व सभासदांना द्यावी लागेल. मसुदा समितीकडूनच यावा, ही विनंती. गेल्या वेळचा आठवतोय ना?

प्रेषक: सचिव
चिडणं काढते. विशेष सभा गुरुवारी रात्री साडेआठला, झूमवर. आज शुक्रवार, म्हणजे पाच दिवसांची नोटीस बसते. व्हिडिओ सभा आपल्या बायलॉजला चालते, फक्त सगळ्यांना एकमेकांचं ऐकू आलं पाहिजे, तेव्हा माइक आधी तपासा. कोरम पाच. विषय एकच, हॉलची कार्योत्तर मंजुरी.

प्रेषक: संचालक (अंगठेवाला)
गुरुवारी मी विमानात. माझं 'हो' आत्ताच धरून ठेवा.