आधी पाटी की आधी चित्र?

कॉलेजच्या मुलांना म्युझियममध्ये चित्रं दाखवताना आधी गाईडने सगळं सांगावं, नाहीतर ती चित्राचा काहीही अर्थ काढतात, असं काहीजण म्हणतात, ते मला नाही पटलं. काढू देत की काहीही, फक्त लगेच विचारायचं, कशावरून म्हणतोस, चित्रात कुठे दिसलं ते दाखव. मानसशास्त्रज्ञ अॅबिगेल हाऊसेन आणि म्युझियममध्ये कलाशिक्षणाचं काम केलेले फिलिप येनवाइन यांनी चित्रं बघायला शिकवण्यासाठी बसवलेली पद्धत तीनच प्रश्नांवर चालते, इथे काय चाललंय, कशावरून वाटलं, आणखी काय दिसतंय.

ब्रुसेल्सच्या म्युझियममधलं सोळाव्या शतकातला चित्रकार ब्रुगेल याच्या नावावरचं इकारसचं चित्र घ्या (इकारस म्हणजे ग्रीक पुराणकथेतला, मेणाचे पंख वितळून समुद्रात पडलेला मुलगा). एकाला नांगर धरलेला शेतकरी दिसतो, दुसरी म्हणते किती शांत आहे सगळं, तिसरा जहाजाबद्दल बोलतो, आणि मग कोणालातरी उजवीकडे खाली पाण्यातून वर आलेले दोन पाय दिसतात की झालं, सगळ्यांचं आधीचं बोलणंच उलटं होतं, अरे कोणीतरी बुडतंय आणि शेतकरी मान वर करून बघतही नाहीये! चित्राशेजारची नावाची पाटी आधी वाचली असती तर सगळे फक्त इकारस शोधत बसले असते, त्या शेतकऱ्याकडे कोण बघणार.

माहिती नकोच असं नाही हं. पिकासोचं गेर्निका हे चित्र बघताना स्पेनमधल्या त्या नावाच्या गावावरचा १९३७ चा बॉम्बहल्ला कळायलाच हवा, पण मेलेलं मूल घेऊन आक्रोश करणारी ती आई आधी डोळ्यांनी बघू द्या, मग सांगा. आणि सुरुवातीची दोन मिनिटं कोणीच बोलायचं नाही असं ठरवा, म्हणजे गप्प बसणाऱ्या मुलांकडेही सांगायला काहीतरी असतं.