४० फुटी वाळलेली सुबाभूळ पाडायची आहे, वर दोर कसा अडकवायचा?

दिघोरीकर:
मंडळी, आमच्या प्लॉटच्या मागे सुबाभूळ आहे, पूर्ण वाळली, उंची ४० फूट तरी असेल. झुकली आहे नेमकी शेजारच्या काकांच्या टिनाच्या शेडकडे, आणि आपल्याला पाडायची आहे उलट्या बाजूला, रिकाम्या प्लॉटवर. मनपाची परवानगी आली आहे. कापणारा म्हणते शिडी लावून ८-१० फुटावर दोर बांधू न् पाच-सहा पोरं ओढतील. मला काही पटून नाही राहिलं. वर न चढता दोर उंच कसा न्यायचा?

हिंगणा_रोड:
नाही पटलं तेच बरं झालं भाऊ. ८ फुटावर बांधून ओढणं म्हणजे दरवाजा बिजागरीजवळ धरून ढकलणं. तोच दोर २५ फुटावर गेला की तेवढ्याच जोरात तिप्पट काम होते, मग पोरं कमी असली तरी चालते. उंचीच्या दोन तृतीयांशावर धरा, त्याच्या वर नको, वाळलेला शेंडा ओढताना मोडून खाली येते.
वर न्यायला तीनेकशे ग्रॅम रेती जाड कापडात घट्ट बांधा, त्याला पतंगाच्या मांज्यापेक्षा जाड अशी गुळगुळीत नायलॉनची बारीक दोरी, आणि दोन पायांमधून झुलवून वर फेका. दगड किंवा नटबोल्ट नको, बेचक्यात फसते नाहीतर कुणाच्या डोक्यात. पहिल्या फेकीत जमत नाही, कंटाळू नका. बेचक्यातून पिशवी खाली आली की त्याच दोरीनं जाड दोर वर ओढून घ्यायचा, खाली आलेल्या टोकाला बोलाइन (न सरकणाऱ्या कड्याची गाठ) मारून तिच्यातून दोराचा दुसरा भाग ओवायचा न् खेचायचा, फास आपोआप वर जाऊन खोडाला आवळते. मधे दुसऱ्या फांद्या येत असतील तर फास वर जाणार नाही, मग सरळ एक टोक बुंध्याला बांधून टाका, तसंही चालते.

दिघोरीकर:
@हिंगणा_रोड दोर किती फूट आणि कोणता? घरी निळी प्लास्टिकची रस्सी पडली आहे.

हिंगणा_रोड:
ती बाजूला ठेवा, गाठ सरकते तिची. १२-१३ मिमीचा पॉलिस्टरचा घ्या, इतवारी बाजारात मिळून जाईल. नायलॉन मजबूत असते पण रबरासारखं ताणते, तुटलं की उलटं येते. लांबी १५० फूट तरी पाहिजे, कारण ओढणारे झाडाच्या उंचीच्या दीडपट तरी लांब पाहिजेत, म्हणजे ६० फूट, त्याहून जास्त असलं तर उत्तमच, न् बुंध्याला बांधलं तर पाठीमागचा २५ फूट दोर तसाच खर्ची पडते. जागा कमी असली तर समोरच्या पक्क्या झाडाच्या बुंध्याला गरारी (कप्पी) बांधून दोर आडवा वळवा, म्हणजे पोरं पडायच्या रेषेतच राहत नाहीत.

सावनेरचा_शेतकरी:
ट्रॅक्टर लावू नका ही विनंती. आमच्याकडे सगळे हौसेनं लावतात. ड्रायव्हरला झाड दिसत नाही, तो झटका देते, मागचा काप पूर्ण व्हायच्या आधीच खोड उभं फाटून कापणाऱ्याच्या अंगावर येते. समोरची खाच मारायच्या आधी दोर फक्त ताणून ठेवा, मागून कापत आला की हळूहळू ओढा. आणि कापणाऱ्याला निक्षून सांगा की समोरची खाच न् मागचा काप यांच्या मधे व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढी पट्टी सोडायची, ती पूर्ण कापली की दोर कितीही उंच असो, झाड कुठं जाईल सांगता येत नाही.

नागपूर_४४:
एक राहिलं. दोर मागचा झुकाव सांभाळते, बाजूचा नाही. झाड शेडकडे सरळ न झुकता थोडं तिरकं असेल तर दुसरा दोर बाजूला लावा किंवा आधी वरचे तुकडे काढून घ्या, वाळलेल्या सुबाभळीवर माणूस चढवू नका, क्रेनच्या बकेटमधून करा. आणि महावितरणची वायर पडायच्या जागेच्या आसपास असेल तर आधी लाइन बंद करून घ्या, रेतीची पिशवी वायरवर अडकली तर कुणी हातही लावू नका.

दिघोरीकर:
वायर नाही बाजूला. तिरकं आहे का ते उद्या ओळंबा लावून बघतो. काकांना शेडखालची गाडी काढायला सांगितली आहे, ते म्हणतात पाडायच्या दिवशी काढतो.