व्याज कोणत्या खात्यात टाकायचं?

प्रश्न: रत्नागिरीतल्या आमच्या कॉलेजला माजी विद्यार्थ्याकडून ५ लाख आलेत. अट अशी, की मुद्दल मोडायचं नाही, व्याजातून प्राणिशास्त्राच्या मुलांना शिष्यवृत्ती द्यायची. शिवाय केंद्राचं संशोधन अनुदान आलंय. दोन्ही उत्पन्नात दाखवू का?

उत्तर: नको. ‘कॉर्पससाठी’ (म्हणजे मुद्दल कायम राखायच्या निधीसाठी) असं देणगीदाराचं लेखी पत्र घ्या, नाहीतर आयकरात ती साधी देणगी ठरते. ताळेबंदात वेगळा निधी, बँकेत वेगळी मुदतठेव. व्याज थेट शिष्यवृत्ती निधीत. उरलेलं पुढच्या वर्षी ओढा. घोळ होतो तो इथेच: सगळ्या ठेवींचं व्याज एकाच ‘बँक व्याज’ खात्यात पडतं आणि मार्चअखेर कोणाचं किती, ते सुटत नाही.

दुसरं उत्तर: अनुदान आधी देणं म्हणून दाखवा, खर्च होईल तेवढंच उत्पन्नात घ्या. उपकरण घेतलंत तर ती रक्कम घसाऱ्याच्या (वापराने घटणाऱ्या किमतीच्या) प्रमाणात दरवर्षी उत्पन्नात येते. अनुदानावरचं व्याज मात्र कॉलेजचं नव्हे! जीएफआर २०१७ (केंद्राचे सामान्य वित्तीय नियम), नियम २३० प्रमाणे ते केंद्राच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत भरायचं.

प्रश्नकर्ता: मायक्रोस्कोपची ऑर्डर मार्चमध्ये दिली, माल एप्रिलमध्ये येईल. उपयोगिता प्रमाणपत्रात (अनुदान कसं खर्च झालं, त्याच्या दाखल्यात) धरू?

दुसरं उत्तर: ऑर्डर म्हणजे खर्च नव्हे. जीएफआरमधल्या या प्रमाणपत्राच्या १२-अ नमुन्यात शिल्लक दाखवा आणि ती पुढे वापरायची परवानगी मागा.