मदत हवी आहे : 'जग बुडणार' ग्रुपमध्ये अडकलेल्या भावासाठी मराठीतून समुपदेशन

धाकटा भाऊ, वय २३, आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. गेलं वर्षभर तो टेलिग्रामवरच्या अशा ग्रुपांमध्ये आहे जिथे दिवसरात्र एकच विषय : एआय माणसाला संपवणार, हवामान कोसळणार. कुणी चार बऱ्या गोष्टी लिहिल्या की त्याची टर उडवतात. 'डूम्सडे क्लॉक' (जगाचा अंत किती जवळ आलाय हे दाखवणारं शास्त्रज्ञांचं प्रतीकात्मक घड्याळ) २०२५ मध्ये मध्यरात्रीपासून ८९ सेकंदांवर आणलं, ते चित्र त्याने कपाटाच्या दारावर चिकटवलंय. पहाटेपर्यंत जागा. नोकरीचा अर्ज पुढे केला की म्हणतो, "कशाला? २०३० बघणार आहे कोण?"

भीती सगळीच खोटी नाही, २०१९ चा पूर आम्हीही बघितलाय. म्हणूनच वाद घालून उपयोग होत नाही, त्याच्याकडे माझ्यापेक्षा जास्त लिंका असतात. बाबांनी मोबाईल काढून घेतला, तर दोन दिवस जेवला नाही. शेतावर नेलं की तेवढ्यापुरता बरा. जिवाचं काही करायचा विचार येतो का, हे सरळ विचारलं, नाही म्हणाला. व्यसन नाही. बोलायला तयार आहे, पण मराठीतूनच.

धारवाडचं डिमहॅन्स (मानसिक आरोग्याची सरकारी संस्था) माहीत आहे. पण शिक्षण सगळं मराठी माध्यमात, कन्नड बाजारापुरतं. मनातलं त्यात कसं सांगणार?

१४४१६ (टेली-मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) कर्नाटकातून लावल्यावर मराठी बोलणारा समुपदेशक कुणाला मिळालाय का? आणि बेळगाव किंवा कोल्हापुरात, गोळ्यांच्या आधी बसून बोलणारं, असल्या ऑनलाइन भीतीची कल्पना असलेलं कुणी अनुभवातलं आहे का?